पाच आणि अठ्ठेचाळीस

आधी वाट मागायची, मग बोलायचं.
कोल्हापूरनं कऱ्हाडला विचारायचं, कऱ्हाडनं साताऱ्याला,
साताऱ्यानं पुण्याला:
एवढा आवाज हाय, एवढी घाई हाय, जागा हाय का?
एकानं जरी नकाराची मान हलवली
तर इथं शाहूपुरीत नुसता टूं टूं.
निम्म्या वाटेत नेऊन सोडत नाही कुणाला हे यंत्र,
एवढं एक त्याचं मला पटलं होतं.

जागा मिळाली की आवाजाचे तुकडे.
अठ्ठेचाळीस बाइट पोटात, पाच डोक्यावर.
अठ्ठेचाळीसच का, म्हणून ट्रेनिंगला विचारलं
तर चिकोडे सर म्हणाले,
एक पार्टी बत्तीसावर अडलेली, दुसरी चौसष्टावर,
मग काय, गुळाच्या सौद्यागत
रुमालाखाली बोटं दाबली.
सगळे हसले. मी वहीत लिहून घेतलं:
बोटं दाबली.

बँकेचा हिशेब असो, दवाखान्यातला एक्स-रे असो,
कुणा नवराबायकोचं भांडण असो,
सगळं एकाच मापाच्या भेलीत.
मोठी भेली आडवी पडून धाकटीला अडवत नाही,
कारण मोठी भेलीच नाही.

डोक्यावरच्या पाचात पत्ता नसतो.
पुणं लिहिलेलं नसतं, माझ्या भावाचं नाव तर नाहीच.
नुसता एक आकडा, पुढच्या नाक्यापुरता.
कऱ्हाडचा स्विच तो बघतो, पुसतो,
आपला आकडा घालतो, ढकलतो.
साताऱ्यात पुन्हा पुसापुशी.
सगळी वाट एकाही तुकड्याला ठाऊक नाही
तरी पहिला पहिलाच पोचतो, दुसरा त्याच्या मागं.

हे समजायला मला वेळ लागला नाही.
कागलात मी फुला.
इथं तांदळात अंगठीनं लिहिलं, मृणाल.
हजेरीपटावर मगदूम एम. बी.
गल्लीत, वरच्या मजल्यावरची.
प्रत्येक नाक्यावर कुणीतरी पुसलं, कुणीतरी लिहिलं,
आणि मी ओळीनंच गेले पुढं.
तपासणी असते, पण ती डोक्यावरच्या पाचाचीच.
एखादा ठिपका चुकला तर दुरुस्त करतात,
जास्त चुकले तर तुकडाच टाकून देतात.
पोटातल्या अठ्ठेचाळीसात काय बिघडलं
ते वाटेत कुणी विचारत नाही.

गर्दी झाली की आधी कोण गळणार, तेही ठरलेलं.
एक खूण असते कपाळाला,
खूण म्हणजे कमी गरजेचा.
हे सांगताना चिकोडे सर माझ्याकडं बघत नव्हते,
मीच आपली पदर सावरून बसले.

एका रात्रपाळीला भावाचा फोन आला.
"फुले, आईला विचार, चटणीच्या मिरच्या वाळल्या का."
काउंटरवर बघितलं:
त्या वाटेवर एक तुकडा हरवलेला.
एक. म्हणजे सेकंदाचे सहा हजारांश.
कानाला कळत नाही,
पलीकडचं यंत्र खाच बुजवून टाकतं.
मी मात्र ते वाक्य पहाटेपर्यंत लावून बघितलं.
'फु'मधला गेला, की 'आई'तल्या 'ई'चं शेपूट?
की तो जरा थांबला होता, तिथला,
नुसत्या श्वासाचा?

आता ते कपाट भंगारात गेलं, वजनावर.
मुजावर म्हणाला, यात तांबं कमीच हाय वो बाई.
त्याला सांगायचं राहिलं
की बोलायला कुणी नसलं तरी ते गप्प बसायचं नाही.
रिकामे तुकडे सोडत राहायचं, त्याच मापाचे,
पलीकडच्यानं डोकं बघून टाकून द्यायचे,
एवढ्यासाठीच, की ताल सुटू नये.

भाऊ रोज सकाळी मोबाइलवर एक फूल पाठवतो.
खाली एक अक्षर नसतं.
मी बघते,
आणि उलट एक फूल पाठवते.